दारू पीत नाही, तरी एसजीपीटी 84 कसा? लिव्हर निकामी होतंय का?

तुम्ही निपाणीचे, वय 38, दारूला शिवत नाही. कामावरच्या तपासणीत एसजीपीटी 84, एसजीओटी 46, बिलिरुबिन नॉर्मल, प्लेटलेट 2 लाख 40 हजार. आणि रात्रभर झोप नाही, असं तुम्ही लिहिलंत.

मी डॉक्टर नव्हे, बेळगावात 19 वर्षं लॅबमध्ये आहे. एवढ्या आकड्यांवरून लिव्हर निकामी होतंय असं कुणी म्हणणार नाही. पण रिपोर्ट कपाटात टाकून मोकळेही होऊ नका.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन्ही एन्झाइम यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशींना इजा झाली की रक्तात झिरपतात. म्हणजे आकडा गळती सांगतो, यकृत काम किती करतंय ते नाही. रिपोर्टच्या डोक्यावर 'लिव्हर फंक्शन टेस्ट' छापलेलं असतं ना, तिथंच घोळ होतो. कामाचा अंदाज अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून येतो, कारण अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतच बनवतं.

खानापूरकडचे एक काका आठवतात. एसजीपीटी 36, पुढं आकडा बिघडल्याची चांदणी (*) नाही, म्हणून खुशीत निघाले होते. त्याच कागदावर अल्ब्युमिन 2.6 आणि प्लेटलेट 82 हजार, दोन्ही कमी. मी म्हटलं, काका, गाडी चुकली तर चुकू दे, आधी डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत यकृत आकसलेलं, पोटात पाणी. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन आकसतं तेव्हा, असं होतं. गळायला पेशीच फारशा उरत नाहीत.

तुमचं चित्र वेगळं आहे. 1957 मध्ये दे रितिस या इटालियन डॉक्टरनं एसजीओटीला एसजीपीटीनं भागून बघायची पद्धत सांगितली. दारूनं बिघडलेल्या यकृतात हा भागाकार बहुतेकदा 2 च्या वर जातो. तुमचा 0.55 च्या आसपास, म्हणजे एसजीपीटीच वरचढ. पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचा असा रिपोर्ट आला की पहिला संशय फॅटी लिव्हरवर, म्हणजे यकृतात साठलेल्या चरबीवर. (आमची बेळगावी मिठाई, कुंदा, किती खाता ते विचारत नाही, मीही बेळगावचाच.) पण हेपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या करून घ्याच, त्या आजारांतही असाच आकडा येऊ शकतो.

यकृत कडक होत चाललंय का, याचा एक ढोबळ हिशेब आहे, फिब-4. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं भागायचं. तुमचं येतं साधारण 0.8. 1.3 च्या खाली असलं तर धोका कमी धरतात, 2.67 च्या वर गेलं तर पुढची तपासणी हवीच.

अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही आणखी दोन एन्झाइम. दोन्ही वाढली तर पित्ताच्या वाटेकडं बघतात. नुसतं अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या वयाच्या पोरांत आणि गरोदर बाईतही वाढलेलं असतं.

एक घरगुती प्रश्न. गुळवेलीचा काढा घेता काय? कोविडपासून आमच्याकडं गल्लोगल्ली सुरू झालाय. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत. काढा, पुडी, जिमची पावडर, जे चालू असेल ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

पुन्हा रक्त द्याल तेव्हा आधी आठवडाभर जड व्यायाम नको. एसजीओटी स्नायूंतही असतं. तालमीतल्या एका पोराचं 190 आलं होतं, घरचे रडायच्या बेतात. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) करायला लावलं, ते हजारांत. आदल्या दिवशी पैज लावून बैठका मारल्या होत्या पठ्ठ्यानं. आणि रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवल्यावर वरचं पाणी फिक्कट पिवळं न दिसता गुलाबी दिसलं, तर तांबड्या पेशी फुटल्यात, एसजीओटी खोटं वाढणार. असा नमुना आम्ही पुन्हा मागवतो. तसा फोन आला तर घाबरू नका, परत येऊन रक्त द्या.