'सैराट', 'कोर्ट' खूप आवडले, पण 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' दहा मिनिटांत बंद केले. जुने चित्रपट मला का झेपत नाहीत? ते कसे पाहावेत?

तुमच्या आवडीत काही खोट नाही. बहुतेकदा खोट चित्रपटाच्या प्रतीत (कॉपीत) असते, टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते किंवा सुरुवात कुठून केली त्यात असते. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत दुरुस्त होतात.

आधी चौकट तपासा. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या काळातल्या बोलपटांची चौकट साधारण 1.37 ला 1 (रुंदी ला उंची), म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही 1.78 ला 1. त्यामुळे चित्र बरोबर असेल तर पडद्याची सुमारे 77 टक्के रुंदीच व्यापतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. हे पट्टे नकोत म्हणून कुणी चित्र ताणतं, मग प्रत्येक चेहरा तीस टक्के रुंद दिसतो. कुणी वरून-खालून कापतं, मग जवळजवळ पाव चित्र जातं. ताणलेलं ओळखायला गोल वस्तू पाहा: टाळ, गाडीचं चाक, घड्याळाची तबकडी. ती लंबगोल दिसली तर टीव्हीवर 4:3 निवडा, काम झालं. कापलेलं चित्र मात्र दुरुस्त होत नाही. श्रेयनामावलीतल्या वरच्या-खालच्या ओळी अर्धवट दिसत असतील, माणसांची कपाळं छाटली जात असतील, तर ती प्रत सोडा आणि दुसरी शोधा.

मग लांबी. 'संत तुकाराम' 131 मिनिटांचा आहे. 126 मिनिटांची प्रत मिळाली तर ती बहुधा कापलेली नसून वेगाने चालणारी असते: सेकंदाला 24 चौकटींचा (म्हणजे 24 स्थिर चित्रांचा) चित्रपट आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीसाठी 25 चौकटींनी चालवला की चार टक्के वेळ वाचतो. आवाजाची पट्टीही चढते. काळी एक या पट्टीतलं गाणं काळी एक आणि त्यापुढची पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकतं. अभंग ऐकताना कानाला काहीतरी खुपतं, पण नेमकं काय ते कळत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच. लांबी याहून बरीच कमी असेल तर प्रसंग गेले आहेत असं समजा.

टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीवर ती मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, जुन्या सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस आणि नव्यावर पिक्चर क्लॅरिटी या नावाने असते. दोन खऱ्या चौकटींच्या मधे ती स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवते. जुन्या फिल्मवरचे ओरखडे आणि दाणे तिला हालचालच वाटतात, म्हणून चेहऱ्यांच्या कडा विरघळतात. आवाजाची सराउंड सोयही बंद करा. मूळ ध्वनी एकपदरी (मोनो) आहे. तो चहूबाजूंना पसरवला की संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात.

एवढं करूनही चित्रपट संथ वाटेल, कारण तो खरंच वेगळ्या चालीचा आहे. त्या काळी संवाद आणि गाणी बहुतेक चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत. नट स्वतः गात, ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात राहत आणि शब्द स्पष्ट फेकत. अभिनय नाटकी वाटतो तो काही अंशी यामुळे. नजरेला चेहऱ्यावर थोडा जास्त वेळ थांबायची सवय करावी लागते, आणि त्यासाठी 'संत तुकाराम' हा पहिला चित्रपट नसावा, असं माझं ठाम मत आहे.

'कुंकू'पासून सुरू करा. 1937 सालचा, व्ही. शांताराम यांचा. तुम्हाला 'सैराट' आवडला म्हणूनच हे सुचवतो. 'सैराट'चा शेवट आठवा: पूर्वार्धात अजय-अतुलचा भरगच्च वाद्यवृंद, आणि शेवटी लहान मुलाच्या पावलांवर आवाजच नाही. आवाज काढून घेण्याची ही ताकद 'कुंकू'ने 'सैराट'च्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी ओळखली होती. त्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज आहेत, आणि वयस्क काकासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ आहे. नीराला फसवून या म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलंय आणि ती ते मान्यच करत नाही. शांता आपटे यांचा चेहरा पाहा, त्यात लाचारी औषधालाही नाही. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलनायक होऊ दिलेलं नाही, म्हणून चित्रपट अजून बोचतो. हेडफोन लावून पाहा. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर या आवाजांतलं अर्धं निसटतं.

'संत तुकाराम' (1936, दामले-फत्तेलाल) त्यानंतर. चमत्कारांची वाट पाहत बसलात तर हा चित्रपट हातातून जाईल. तो जिजाईचा चित्रपट आहे असं मानून बघा. गौरी यांची जिजाई पोरं, म्हैस, चूल सांभाळते आणि थेट विठ्ठलाला जाब विचारते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम शांत, ती सतत कामात. चित्रपटाची लय या दोघांच्या ओढाताणीतून येते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती घरीच राहते, कारण पोरांना जेवायला घालायचं असतं. माझ्या मते मराठी पडद्यावर याहून मोठी स्त्री-व्यक्तिरेखा क्वचितच झाली. 'आधी बीज एकले' तुकारामांचं आहे असं अनेकांना वाटतं. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं.

मग 'सामना' घ्या. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि निळू फुले-श्रीराम लागू समोरासमोर. तो बघायला वेगळी तयारी लागत नाही.

यानंतर 'कोर्ट' पुन्हा लावा. चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, काम संपलं तरी हलत नाही, आणि माणसं चौकटीत येत-जात राहतात. जुन्या चित्रपटांत थांबायला शिकलेली नजर इथे जास्त टिपते: मागच्या बाकावर कोण बसलंय, कोण फक्त तारखेची वाट पाहतंय. खोलीत अंधार करून पाहा. शेवटाकडे रिकाम्या न्यायालयातले दिवे विझतात आणि पडदा काळा राहतो. चित्रपट संपला असं समजून पुष्कळ जण तिथेच बंद करतात; त्यानंतरचा न्यायाधीशांच्या सुट्टीचा प्रसंग चुकवू नका.