वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्स लायसन्सच्या अटी

प्रश्न : जीपीएल लायसन्सचं (ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला कोडही द्यायला लावणारं ओपन सोर्स लायसन्स) एक सॉफ्टवेअर घेऊन आम्ही त्यात बरेच बदल केले आहेत. आता आमचा सगळा कोड जाहीर करावा लागेल का?

उत्तर : आधी एवढंच पाहा, की कॉपी कुणाच्या हाती जाते. बदललेलं सॉफ्टवेअर संस्थेतच वापरात असेल, तर कोड कुणालाही द्यावा लागत नाही. ते ग्राहकाला दिलंत, मग डाउनलोडने असो, उपकरणात भरून असो की डॉकर इमेजमधून (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज), की त्याला सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, मिळालाच पाहिजे. पैसे घेऊन विकायलाही मनाई नाही. मात्र ग्राहकाने तो कोड पुढे वाटला, तर तुम्हाला अडवता येणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. अनेक जण मूळ प्रकल्पाची लिंक देऊन मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. तुम्ही दिलेली बायनरी (चालवायला तयार फाइल) ज्या सोर्समधून तयार झाली, नेमका तोच सोर्स द्यायचा असतो : तुमचे बदल आणि बिल्ड स्क्रिप्ट (सोर्समधून बायनरी तयार करणाऱ्या सूचना) यांच्यासह. म्हणून प्रत्येक रिलीजच्या सोर्सला टॅग (आवृत्तीची खूण) लावा आणि त्याच दिवशी सोर्सची झिप बायनरीशेजारी ठेवा. जीपीएल २ मध्ये 'मागितल्यास सोर्स देऊ' असं लेखी आश्वासन देण्याचाही मार्ग आहे, पण ते किमान ३ वर्षं पाळावं लागतं आणि मागणारा तुमचा ग्राहक नसला तरी त्याला सोर्स द्यावा लागतो. सोर्स सोबतच देणं केव्हाही सोपं.

सॉफ्टवेअर फक्त सर्व्हरवर चालत असेल, तर जीपीएलची ही अट लागू होत नाही. एजीपीएल ३ या जीपीएलच्या भावंड-लायसन्सची होते : तुम्ही बदल केले असतील, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना सोर्स उपलब्ध करून द्यावा लागतो. आणि ब्राउझरमध्ये उतरणारं जावास्क्रिप्ट ही दिलेली कॉपीच असते, हे विसरू नका.

प्रश्न : एमआयटी आणि अपाची लायसन्सला काहीच अटी नसतात ना?

उत्तर : असतात. एमआयटीत कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक कॉपीसोबत जायला हवा. कोड मिनिफाय, म्हणजे आकाराने लहान, करताना बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) बहुतेकदा कॉमेंट्स काढून टाकतो, आणि त्यांच्याबरोबर हा मजकूरही जातो. तेव्हा तपासणी तयार झालेल्या फाइलमध्ये करा, आणि सगळ्या लायब्रऱ्यांची लायसन्स एका वेगळ्या फाइलमध्ये जोडा. अपाची २.० मध्ये याशिवाय बदललेल्या फाइलींवर तशी नोंद करावी लागते, आणि मूळ प्रकल्पात 'नोटिस' फाइल असेल तर तिच्यातला श्रेयाचा मजकूर पुढे न्यावा लागतो.

अपाचीचा कोड जीपीएल ३ मध्ये मिसळता येतो. फक्त जीपीएल २ असलेल्या प्रकल्पात येत नाही, कारण अपाचीतल्या पेटंटविषयक अटी तिथे अडतात. 'फक्त २' की '२ किंवा नंतरची' हे लायसन्सच्या फाइलवरून कळत नाही, मजकूर दोन्हीकडे तोच असतो. त्यासाठी सोर्स फाइलीच्या सुरुवातीची नोंद वाचा.

प्रश्न : एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या ऑनलाइन साठ्यात) लायसन्सच दिलेलं नाही. कोड वापरू का?

उत्तर : नको. कोड वाचता येतो म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. लेखकाला लिहा आणि रिपॉझिटरीत लायसन्सची फाइल टाकायला सांगा. ती येईपर्यंत एक ओळही उचलू नका.