भूत-भविष्य दिसणारं कॅरेक्टर टेबलावर असताना रहस्य टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायचा खेळ) पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची सलग कथा, पहिल्या म्हणजे सगळ्यात खालच्या लेव्हलपासून सुरू होतंय, कथा एका बंदराच्या शहरातल्या खुनांची आहे, आणि एका प्लेअरला अशी खास शक्ती हवी आहे की वस्तूला हात लावला की तिचा भूतकाळ दिसावा आणि डोळे मिटले की पुढचं दिसावं. पहिल्याच सेशनला खुनी सापडेल अशी तुम्हाला भीती आहे. म्हणून विचारताय, की शक्ती नाकारावी, की दर वेळी 'धूसर दिसतंय' म्हणून वेळ मारून न्यावी?

दोन्ही करू नका. विशेषतः दुसरं तर मुळीच नको. त्या प्लेअरने तलवार, आगीचे गोळे सगळं सोडून ही शक्ती मागितली आहे. तिने वापरली की तिच्या हातात काहीतरी पडलंच पाहिजे. दिसेल ते नेहमी खरं असू द्या. मर्यादा घालायची ती कुठून दिसतं आणि किती दिसतं यावर, आणि ती प्लेअरला कॅम्पेन सुरू होण्याआधी सांगून.

नियमपुस्तकात हे काम बरंच करून ठेवलंय. मी २०१४च्या नियमांप्रमाणे सांगतो. ऑग्युरी हे दुसऱ्या लेव्हलचं स्पेल (मंत्र) पुढच्या अर्ध्या तासात तुम्ही जे करणार आहात त्याबद्दल शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही, एवढंच सांगतं. आपल्याकडे कोकणात नि गोव्यात देवाला कौल लावतात, तसंच हे: प्रश्न नीट मांडला नाही तर उत्तर मिळूनही उपयोग नाही. लाँग रेस्टच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या मोठ्या विश्रांतीच्या, आत पुन्हा पुन्हा विचारलं, तर पहिल्यानंतरच्या प्रत्येक वेळी भलतंच उत्तर येण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढते, आणि तो फासा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे तुम्ही) लपवून टाकायचा असतो. पण त्या स्पेलमधलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य वेगळंच आहे. वाटेत कुणी नवीन स्पेल टाकलं, एखादा साथीदार मिळाला किंवा गमावला, तर अशा बदलांचा हिशेब या उत्तरात धरलेला नसतो.

हेच तुमच्या भविष्यदृष्टीचं सूत्र करा. दिसतं ते 'आत्ता ज्याच्या मनात जे आहे, तो तसाच वागला तर काय होईल' एवढंच. समजा तिला दिसलं की परवा रात्री जकातनाक्याला आग लागणार. पार्टीने, म्हणजे प्लेअरांच्या कॅरेक्टरांच्या टोळीने, उद्याच नाक्यावर पहारा बसवला, की आग लावणाऱ्याच्या कानावर ते जातं आणि तो बेत बदलतो. दृश्य खोटं ठरलं नाही, पार्टीने ते मोडलं. आता नवा बेत काय, हे त्यांना पायपीट करून शोधावं लागेल. यात डीएमची एक मोठी सोय आहे. तुम्हाला पुढची कथा आधी ठरवून ठेवावी लागत नाही, फक्त खलनायकाचा आजचा बेत माहीत असला की पुरे.

भूतकाळाचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण घडलेलं बदलत नाही. वस्तू हातात घेऊन तिचा मालक, ती त्याच्याकडे कशी आली आणि कशी गेली हे पाहण्याची ताकद नॉलेज डोमेनच्या क्लेरिकला (ज्ञानाच्या देवतेच्या पुजाऱ्याला) आहे, पण १७व्या लेव्हलला! तुम्ही ती पहिल्या लेव्हलला देताय, तर तितकी छाटायलाच हवी. माझ्या टेबलावर मी तीन गोष्टी पाळतो. वस्तूला आठवतो तो तिचा मालक, नुसता वापरणारा नाही. एका वस्तूचं एकच दृश्य, तेही चार श्वासांपुरतं. आणि दृश्यात वस्तू जिथे होती तिथूनच दिसतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं पाहा. गोदामात सावकाराचं प्रेत आणि शेजारी सुरी. ती सुरीला हात लावते. दिसतो एका खाणावळीचा आचारी, कांद्याने डोळे चुरचुरताहेत, बाहेर कुणीतरी 'आग, आग' ओरडतं, तो सुरी ओट्यावर टाकून धावतो. बस. खुनी दिसला नाही, पण आता खाणावळ आहे, ती खोटी बोंब आहे, ती कुणी ठोकली हा प्रश्न आहे. सुरी म्यानात किंवा कमरेच्या पट्ट्यात असेल तेव्हा तर अंधार आणि आवाजच मिळतील, आणि टेबलावर नुसत्या आवाजाचं वर्णन भलतंच रंगतं.

स्पीक विथ डेड, म्हणजे प्रेताला प्रश्न विचारायचं स्पेल, हेही असंच चालतं. प्रेताला तोंड शाबूत हवं, प्रश्न पाच, आणि जिवंतपणी माहीत होतं तेवढंच ते सांगू शकतं. सावकाराला मागून मारलं असेल तर त्याला ओल्या चामड्याचा वास आठवेल, चेहरा नाही. तुम्हाला शत्रू मानत असेल तर ते खोटंही बोलू शकतं. या स्पेलला बंदी घालणारे डीएम मला कळत नाहीत, चौकशीच्या कथेत याच्यासारखा रंगतदार प्रसंग दुसरा नाही.

आणि कथा रचतानाच 'कुणी केलं' याच्यावर सगळा भार टाकू नका. नगराध्यक्षाच्या मेहुण्याने खून केला हे दृश्यात अगदी स्वच्छ दिसलं, तरी शहराच्या न्यायसभेत दृश्य पुरावा धरत नाहीत असं ठेवा. मग साक्षीदार हवा, हिशेबाची वही हवी, त्याने हे का केलं ते कळायला हवं. शक्ती पूर्ण चालली आणि तरी तीन सेशनचं काम उरलं.

चौथ्या लेव्हलचं डिव्हिनेशन हे स्पेल मिळेल तेव्हा तयारी लागेल. पुढच्या सात दिवसांतल्या एखाद्या गोष्टीबद्दल एक प्रश्न, आणि उत्तर खरं पण लहानसं वाक्य, कोड्यातली ओळ किंवा शकुन. मी यमक जुळवून लिहूनच नेतो:

पुलापाशी दिवा एक, दिव्याखाली उभा लेक;
बापाचं घेऊ नका नाव, पाण्याखाली आहे गाव.

अर्थ असा: पार्टी शोधतेय त्या देवळाची किल्ली नावाड्याच्या मुलाकडे आहे, बापाचा विषय काढला तर तो पळेल, देऊळ बुडालेल्या गावात आहे. प्रत्येक शब्द खरा, आणि उलगडला की त्यावर पुढे काहीतरी करता येईल असा. जे कोडं नंतरही कशालाच लागू पडत नाही, ते प्लेअरला फसवणं झालं.

सोन्याची किंमत लावून मर्यादा येईल असं मात्र धरू नका. डिव्हिनेशनला दर वेळी २५ नाण्यांचा धूप आणि नैवेद्य लागतो, पण थोड्याच लेव्हलनंतर तेवढे पैसे कुणाला जाणवतही नाहीत. वेळ जाणवतो. दृश्य चार श्वासांचंच, पण ते उमटायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पहारेकरी येतात, ही किंमत शेवटपर्यंत भारी राहते. खलनायकाला नॉनडिटेक्शन (अशा दृष्टीपासून लपवणारं स्पेल) द्यायचं तर एखाद्यालाच द्या, आणि त्यासाठी हिऱ्याची पूड लागते हे विसरू नका. शहरात एवढी पूड कोण विकत घेतंय, हाही एक माग आहे.

पार्टीत डिव्हिनेशन शाळेचा विझर्ड (जादूगार) असेल, तर त्याच्या पोर्टेंटला, म्हणजे आधी पडलेला आकडा नंतरच्या फाशाऐवजी वापरण्याच्या शक्तीला, हात लावू नका. दोन फासे आधी टाकून ठेवायचे आणि समोरचा फासा पडण्याआधी वापरतोय म्हणून सांगायचं, यातच ते पुरेसं बांधलेलं आहे.

पहिल्या सेशनला त्या प्लेअरला मुद्दाम एक निरुपद्रवी वस्तू द्या, बंदरावर सापडलेलं एखादं जोडवं वगैरे, आणि दृश्य पूर्ण रंगवून सांगा. शक्ती कशी चालते हे तिला तिथेच कळेल, आणि गोदामातल्या सुरीपाशी आल्यावर काय विचारायचं हे तिला तुम्ही सांगावं लागणार नाही.