वाचकांचे प्रश्न : बटणे कमी केली, तरी सॉफ्टवेअर अवघड का वाटते?

प्रश्न : छातीच्या सीटी स्कॅनमधील फुफ्फुसांच्या गाठी शोधून मोजणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार करत आहोत. पडद्यावरची बटणे कमी केली, चिन्हे मोठी केली, तरीही ते वापरून पाहणारे रेडिओलॉजिस्ट कंटाळतात. आमचे काय चुकत असावे?

उत्तर : तुम्ही पडद्याची सजावट सुधारलीत, पण तपासणाऱ्याच्या कामाची रीत पाहिली नसावी, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. रेडिओलॉजिस्ट माऊसचे चाक फिरवत शेकडो छेद (शरीराच्या पातळ कापांच्या प्रतिमा) एका लयीत पाहत असतो; एखाद्या साधनासाठी त्याला दर वेळी कोपऱ्यातल्या मेनूकडे वळावे लागले, की ती लय तुटते आणि बारीकशी गाठ नजरेतून निसटण्याचा धोका वाढतो.

विंडो, म्हणजे घनतेच्या सगळ्या पल्ल्यातला पडद्यावर दाखवायचा तुकडा, बदलण्याचेच घ्या. सीटीमध्ये पाण्याची घनता ० आणि हवेची उणे १००० हाऊन्सफील्ड एकके धरतात, तर हाडाची घनता हजाराच्याही पुढे जाऊ शकते. हा सगळा पल्ला एकदम दाखवला तर जवळजवळच्या करड्या छटा डोळ्याला वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून फुफ्फुसांसाठी साधारणपणे १५०० रुंदीची आणि उणे ६०० मध्याची विंडो लावतात, तर मऊ ऊतींसाठी ४०० रुंदीची आणि ४० मध्याची. तपासणारा या दोन्हींमध्ये सतत ये-जा करतो, तेव्हा ती कीबोर्डच्या एकेका कळीवर व्हायला हवी.

मोजमापाबाबत तर अधिकच जपायला हवे. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमांच्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कमी जोखमीच्या रुग्णातील ६ मिलिमीटरपेक्षा लहान एकट्या घन गाठीसाठी नियमित फेरतपासणी सुचवलेली नाही. म्हणजे एका मिलिमीटरच्या फरकाने पुढचा निर्णय बदलू शकतो. तीच गाठ फुफ्फुसांच्या विंडोत मोठी आणि मऊ ऊतींच्या विंडोत लहान भासते. त्यामुळे आकड्याबरोबर विंडो, छेदाची जाडी आणि माप कोणत्या छेदावर घेतले हेही दिसले पाहिजे. सॉफ्टवेअरने आखलेली कड हाताने सरकवता यावी, बदल मागे घेता यावा आणि मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचा प्रमाणित प्रकार) प्रतिमेला मात्र कधीही हात लागू नये.

गाठींवरच्या आपोआप उमटणाऱ्या खुणा एका कळीने लपवता याव्यात. माझ्या मते त्या तज्ज्ञाने स्वतः एकदा पाहून घेतल्यावरच दाखवाव्यात, कारण आधीच खूण दिसली की नजर तिथेच अडकते.

चाचणी घेताना 'आवडले का?' असे विचारू नका. वापरणाऱ्याच्या शेजारी शांतपणे बसा, त्याला खरे काम करू द्या आणि हात कुठे थबकतो ते टिपून ठेवा. प्रतिमा आडवी उलटवण्याचे बटण ठेवले असेल, तर ते काढूनच टाका. आडव्या छेदात रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते, हा संकेत त्या एका क्लिकने मोडतो आणि गाठ चुकीच्या फुफ्फुसात नोंदली जाऊ शकते.