ब्लू टिटच्या पायातली रिंग, आणि हिवाळ्यात पक्षी पकडण्यामागचं कारण

तुम्ही विचारलंय की नॉर्विचच्या बागेत दाण्याला येणाऱ्या ब्लू टिटच्या पायात रिंग दिसली, इतक्या थंडीत एवढ्याशा पाखराला पकडणं क्रूर नाही का, आणि हे काम आपल्याला शिकता येईल का.

आधी रिंगबद्दल. पक्षी पुन्हा ओळखता यावा म्हणून पायात घातलेली, अक्षरं-आकडे असलेली ही छोटी कडी. ब्लू टिट साधारण ११ ग्रॅमचा आणि त्याची रिंग त्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. ती पायावर सैल फिरते. ब्रिटनमध्ये पक्ष्यांना अशा रिंग घालायचं काम १९०९पासून चालू आहे. आता ते बीटीओ, म्हणजे ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी, पाहते. त्यांचं कार्यालय तुमच्याच नॉरफोकमध्ये, थेटफर्डला आहे.

हिवाळ्यात बागेत जाळी लावायचं कारण असं की खिडकीतून पाहून पक्षी मोजता येत नाहीत. आपल्याला वाटतं, रोजचेच आठ-दहा ब्लू टिट येतात. रिंग घालायला लागलं की कळतं, सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, आणि हिवाळाभरात त्याच्या कितीतरी पट पक्षी एका फीडरवर येऊन जातात. ब्लॅककॅपचंही तसंच. बागेत हिवाळ्यात दिसणारे ब्लॅककॅप म्हणजे दक्षिणेला न गेलेले इथलेच पक्षी, असं वाटणं साहजिक होतं. रिंगांच्या नोंदींनी दाखवलं की ते मध्य युरोपात, जर्मनी-ऑस्ट्रियाकडे, वीण करणारे पक्षी आहेत आणि हिवाळ्यासाठी ब्रिटनला येतात.

मला स्वतःला शेतावरचं काम जास्त मोलाचं वाटतं. यलोहॅमर घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारिटाच्या कुळातलाच हा. पूर्वी इथे धान्य वसंतात पेरायचे, त्यामुळे कापणीनंतरची धसकटं आणि सांडलेले दाणे हिवाळाभर रानात राहायचे. शरद ऋतूत पेरणी होऊ लागली आणि ते खाणं गेलं. खरी उपासमार ऐन डिसेंबरात नसते, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, कारण तोवर बी संपलेलं असतं आणि किडे आलेले नसतात. म्हणून जे शेतकरी बांधाकडेला दाणे टाकतात त्यांना मी एकच आग्रह करतो: एप्रिल उजाडेपर्यंत दाणे टाकणं बंद करू नका. अशा जागी कुंपणाच्या झुडपांलगत जाळं लावलं की तेच पक्षी पुन्हा सापडतात का, त्यांचं वजन टिकलंय का, थव्यात यंदाची पिल्लं किती, हे समजतं. पिल्लांच्या शेपटीची पिसं टोकदार आणि झिजलेली असतात, मोठ्यांची गोलसर. उघड्या रानात वारा सुटला की जाळं हलतं आणि पक्ष्यांना दिसतं, त्यामुळे शांत सकाळच लागते.

थंडीबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, आणि चांगला रिंगर तीच काळजी आधी करतो. डिसेंबरात उजेड जेमतेम आठ तास. तेवढ्यात पक्ष्याला रात्रभर पुरेल इतकी चरबी साठवायची असते. गळ्याखालच्या पिसांवर फुंकर मारली की पातळ कातडीतून ती पिवळसर दिसते, आणि तिचा अंदाज नोंदवला जातो. म्हणून पाऊस, जोराचा वारा किंवा कडाक्याचं हिम असेल तर जाळी उघडत नाहीत, लावलेली जाळी थोड्या थोड्या वेळाने तपासतात, आणि दिवस मावळायच्या बरंच आधी गुंडाळतात, म्हणजे पाखरांना शेवटचं खाणं मिळतं. लाँग-टेल्ड टिट कुटुंबाने फिरतात आणि रात्री एकमेकांना चिकटून झोपतात. ते सगळे एकदमच सोडायचे, एकालाही मागे ठेवायचं नाही.

शिकता नक्की येईल, पण एकट्याने नाही. परवान्याशिवाय रानपक्षी पकडणं १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. बीटीओमार्फत जवळचा प्रशिक्षक गाठा आणि त्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागा. स्वतंत्रपणे काम करायची परवानगी मिळायला बहुधा काही वर्षं जातात, आणि ते योग्यच आहे. जाळ्यातून पाखरू सोडवणं हाताला शिकावं लागतं, वाचून येत नाही. भारतात परतलात तर हेच काम बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १९२७पासून करत आली आहे.

तोवर फीडर नियमित धुवा आणि जागा बदलत राहा. ट्रायकोमोनोसिसने इथले ग्रीनफिंच फार मारले, आणि तो रोग उष्टं खाणं-पाणी यांतून पसरतो. पिसं फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर काही आठवडे दाणे बंद करा. तुमच्या ब्लू टिटचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. रिंगवरची सगळी अक्षरं-आकडे जुळवता आले तर बीटीओच्या संकेतस्थळावर नोंदवा, तो कुठे आणि केव्हा रिंग केला गेला ते तुम्हाला कळवतात.