वेज-डॅशवरून न्यूमन प्रोजेक्शन काढताना डावं-उजवं हमखास चुकतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की इथेन, ब्यूटेन जमतं, पण झिगझॅगवर (कार्बनच्या नागमोडी साखळीवर) वेज (कागदातून वाचणाऱ्याकडे येणारा बंध, भरीव पाचर) आणि डॅश (मागे जाणारा, तुटक रेघांचा) आले की कुठला गट कुठे टाकायचा ते कळत नाही. मी बी.एस्सी.च्या शिकवण्या घेतो, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वर्तुळ काढून मोकळे होतात, पण आपण बघतोय कुठून हेच ठरलेलं नसतं.

न्यूमन म्हणजे एका कार्बन-कार्बन बंधाच्या रेषेत डोळा ठेवून बघणं. म्हणून आधी बंध निवडा आणि ज्या टोकाकडून बघणार तिथे पेन्सिलीने चक्क एक डोळा काढा.

२,३-डायब्रोमोब्यूटेन घेऊ. पहिला कार्बन खाली, दुसरा वर, तिसरा खाली, चौथा वर, आणि दोन्ही ब्रोमिन वेजवर. बंध दुसऱ्या-तिसऱ्यातला, डोळा डावीकडे. आता मनाने कागदाच्या डाव्या कडेला उभे राहा आणि उजवीकडे तोंड करा. कागद वाचणारा माणूस तुमच्या उजव्या हाताला आला. वेज त्याच्याकडे येते, म्हणून वेज उजवीकडे आणि डॅश डावीकडे. डोळा दुसऱ्या टोकाला ठेवलात तर बरोबर उलट.

जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धरा. पुढच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या कार्बनवर मिथाइल ६ वर, ब्रोमिन २ वर, हायड्रोजन १० वर; या तीन रेघा केंद्रात मिळतात. मागच्यावर मिथाइल १२ वर, ब्रोमिन ४ वर, हायड्रोजन ८ वर. वर्तुळ म्हणजे हा मागचा कार्बन, म्हणून या रेघा वर्तुळाच्या कडेपासून सुरू होतात. त्या केंद्रापर्यंत ओढल्या की पुढचं-मागचं सगळं एक होतं, आणि पेपर तपासताना हेच सर्वात जास्त दिसतं.

आता गंमत बघा. दोन्ही ब्रोमिन वेजवर दिसले की निम्मा वर्ग ‘मेसो’ (ज्याचे दोन अर्धे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात असा रेणू) म्हणून ओरडतो. मागचा कार्बन १८० अंश फिरवा. मिथाइलमागे मिथाइल आलं, पण पुढच्या ब्रोमिनमागे हायड्रोजन! म्हणजे हा मेसो नाहीच. झिगझॅगमध्ये एक ब्रोमिन वेजवर आणि एक डॅशवर असेल तेव्हा तो मेसो.

फिरवताना एकच कार्बन फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिन्ही गट एकत्र, एकाच दिशेला सरकतात. सोयीसाठी दोघांचीच अदलाबदल केलीत तर रेणूच बदलला. जमत नसेल तर चिकणमातीचे दोन गोळे आणि टूथपिक घेऊन बसा, महागड्या मॉडेल किटची गरज नाही.

ऊर्जेचे आकडे फार घोकू नका. इथेनमध्ये इक्लिप्स्ड रचना (पुढच्या गटांमागे मागचे गट झाकलेले) स्टॅगर्डपेक्षा (मागचे गट पुढच्यांच्या मधल्या फटीत) मोलमागे साधारण १२ किलोज्यूल वर, ब्यूटेनमध्ये गॉश (दोन मिथाइल ६० अंशांवर) अँटीपेक्षा (१८० अंशांवर) सुमारे ३.८ वर, एवढं पुरे.

ही पद्धत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मेल्विन न्यूमन यांनी १९५० च्या दशकात रूढ केली, आणि तिचा खरा उपयोग एलिमिनेशनमध्ये (शेजारच्या कार्बनांवरचे दोन गट निघून दुहेरी बंध होतो त्या अभिक्रियेत) कळतो. वरच्याच चित्रात मागचा ब्रोमिन ४ वरून ८ वर न्या, म्हणजे दोन ब्रोमिन समोरासमोर, अँटी येतील. मागचं मिथाइल ४ वर गेलं, पुढचं ६ वरच आहे, दोन्ही एकाच बाजूला. आयोडाइडने ब्रोमिन काढून घेतले की मुख्यतः सिस-२-ब्यूटीन मिळतं. मेसोवर हेच करून बघा आणि काय येतं ते कमेंटमध्ये टाका, तपासून देतो.