मे एंडला पाळोळ्याला (गोव्यातलं पालोलेम)?

प्रश्न: ताई, आम्ही डिचोलीचे. मे एंडला पोरांना घेऊन पाळोळ्याला बीचवरच्या लाकडी कॉटेजमध्ये दोन रात्री राहायचंय, सासूबाईपण आहेत. जमेल ना?

उत्तर: अगं मे एंड नको, त्या लाकडी-बांबूच्या खोल्या सीझनपुरत्याच असतात, पावसाच्या आधी सगळं सोडवून ठेवतात, तुला नुसत्या फळ्यांचे ढीग दिसतील. डिसेंबर-जानेवारी बघ, भाडं जास्त पण हवा मस्त. सासूबाईंसाठी खांबांवरची खोली मुळीच घेऊ नकोस, रात्री बाथरूमला उठलं की ती शिडी उतरायची म्हणजे कल्याणच! बाथरूम खोलीतच आहे ना ते फोनवरच विचार. मच्छरदाणी फाटकी निघू शकते, सुई-दोरा ठेव. आणि जवळच्या आगोंद बीचवर गेलात तर रात्री वाळूत टॉर्च मारत फिरू नका, तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पोरांना आधीच दम दे.